नव्या कल्पनांचा कट्टा: गावात किंवा सोसायटीत सुरू करायचा असेल तर

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या सुइणींसाठी एक साधं उपकरण तयार केलं. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखण्याची एक खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, किंवा त्याहून मोठं मूल पन्नासच्या पुढे जात असेल, तर धोका आहे. डॉक्टरच्या मनगटावर घड्याळ असतं आणि साठपर्यंत मोजणं त्याच्या हातचा मळ. सुइणीकडे घड्याळ नव्हतं आणि अनेकजणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. म्हणून एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्यासोबत मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोचलात, तर न्यूमोनिया समजायचा.

यातलं वाळू आणि मणी शतकानुशतकं वापरात आहेत. साठ आणि पन्नास हे आकडे डॉक्टरांना ठाऊक होते. आपण कितीपर्यंत मोजू शकतो हे सुइणींना ठाऊक होतं. या दोन माहित्या एकाच ओसरीवर आल्या नसत्या, तर ते उपकरण झालंच नसतं. नवी कल्पना बहुतेक वेळा अशीच येते: जिला अडचण भोगावी लागते ती व्यक्ती, ज्याला काही करता येतं तो माणूस, आणि हाताशी असलेलं साहित्य, तिन्ही एका जागी आणि पुन्हा पुन्हा. हा मेळ योगायोगावर सोडायची गरज नाही, तो मुद्दाम जमवता येतो. तो नेमाने जमवायची जागा म्हणजे आपला कट्टा. कसा, ते पुढे सांगतो. शिक्षक, बचत गटाच्या ताई, नुकताच इंजिनिअर झालेला मुलगा, सोसायटीचे सेक्रेटरी, कोणालाही हे करता येईल. पदरचा पैसा फारसा लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

पहिली पायरी: अडचणी गोळा करा, कल्पना मागू नका

"तुमच्याकडे काही नवी कल्पना आहे का?" असं विचारलं की माणसं गप्प होतात किंवा मोबाईल ॲपविषयी बोलू लागतात. त्याऐवजी एक वही घ्या आणि महिनाभर फक्त अडचणी लिहा. आठवडी बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी, गॅरेजमध्ये. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुमच्या कामात रोज कुठे अडतं?

अडचण लिहिताना ती डोळ्यांसमोर दिसेल अशी लिहा. 'भाजी टिकत नाही' या नोंदीचा कोणालाच उपयोग नाही. 'आठवडी बाजारात दुपारी दोननंतर मेथीची जुडी मान टाकते, ओलं गोणपाट घातलं तर खालची पानं कुजतात, चारनंतर निम्म्या भावात द्यावी लागते' असं लिहिलं की वाचणाऱ्याचं डोकं चालू लागतं. वेळ, जागा, सध्या कोणता तात्पुरता उपाय करतात आणि तो कुठे फसतो, एवढं नोंदीत यायलाच हवं. तात्पुरता उपाय फार महत्त्वाचा आहे. लोकांनी चिंधी बांधून, दगड ठेवून, दोरी ओढून जे काही भागवलेलं असतं, त्यात अर्धी कल्पना आधीच दडलेली असते.

विचारताना आपलं उत्तर आधी ठरवून जाऊ नका. 'सर्च'ने आदिवासींसाठी दवाखाना बांधायच्या आधी त्यांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या गावासारख्या झोपड्या हव्यात, असं लोकांनी सांगितलं. दवाखाना तसाच उभा राहिला आणि त्याला नाव मिळालं ते लोकांच्या देवीचं, दंतेश्वरीचं.

दुसरी पायरी: माणसं निवडा

सुरुवातीला आठ ते बारा माणसं पुरेत. त्याहून कमी असली तर दोन आठवड्यांत विषय आटतात, जास्त असली तर सभा होते आणि सभेत मोजकेच बोलतात.

निवडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा: एकाच व्यवसायाची दोनपेक्षा जास्त माणसं नकोत. वेल्डर, आशाताई, शिंपीण, शेतकरी, गणिताचे सर, मोटार रिवाइंडिंग करणारा, निवृत्त पोस्टमन. आपल्याकडे गट जमतात ते वर्गमित्रांचे, जातभाईंचे किंवा एकाच ऑफिसातल्यांचे. अशा गटात जिव्हाळा असतो, पण एकाला जे माहीत तेच सगळ्यांना माहीत असतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हेच मांडलं. नोकरीची नवी माहिती बऱ्याचदा जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून मिळते, कारण ती वेगळ्या वर्तुळात वावरत असतात.

आणखी एक प्रकारचा माणूस शोधा: ज्याने आयुष्यात चार वेगवेगळे धंदे केले आहेत. आपला समाज अशा माणसाला 'धरसोड' म्हणून नावं ठेवतो आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं. दादासाहेब फाळके जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात गेले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छपाईचा धंदा केला, जादूचे प्रयोग केले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हा चित्र, फोटो, रसायनं आणि हातचलाखी यातलं काहीच वाया गेलेलं नव्हतं. तुमच्या गावात असा माणूस असतोच. त्याला पहिलं आमंत्रण द्या.

बायका निम्म्या हव्यात, आणि केवळ हजेरीपुरत्या नकोत. पाणी, सरपण, साठवण, आजारपण, बाजार यातल्या अडचणी त्यांच्या हातून जातात. बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवा. संध्याकाळी सातची वेळ ठेवलीत तर त्या येणार नाहीत, आणि मग 'बायका येतच नाहीत हो' असं म्हणायचा हक्क तुम्हाला उरत नाही.

तिसरी पायरी: जागा

चकचकीत हॉल शोधू नका. अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात 'बिल्डिंग २०' नावाची इमारत होती. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या संशोधनासाठी १९४३ मध्ये लाकडात घाईघाईने बांधलेली आणि युद्ध संपलं की पाडायची म्हणून ठरवलेली. ती १९९८ पर्यंत उभी राहिली. तिथे भौतिकशास्त्रज्ञ, भाषाशास्त्रज्ञ आणि रेल्वेची मॉडेलं बनवणारा विद्यार्थ्यांचा क्लब असे सगळे शेजारी शेजारी असत. इमारत कोणाच्याच लाडाची नसल्याने भिंतीला भोक पाडायला, वायर ओढायला परवानगी मागावी लागत नसे. जेरॉल्ड झकारायस यांनी अणुघड्याळाच्या कामासाठी चक्क वरचे दोन मजले काढून टाकले.

तुम्हाला हवी तशीच जागा: जिथे फरशीवर तेल सांडलं तर कोणी ओरडणार नाही. बंद पडलेली गोदामाची खोली, शाळेचा जुना वर्ग, वाचनालयाची मागची पडवी, देवळाचा सभामंडप, सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा. परदेशात असाल तर कोणाचं तरी गॅरेज. ती वाटेवर असावी. मुद्दाम वाकडी वाट करून जावं लागेल अशा जागी पहिले दोन महिने लोक येतात, मग येत नाहीत. शक्य असेल तर शेजारी चहाची टपरी असावी.

जागेत एवढं ठेवा: एक मोठं दणकट टेबल, चांगला उजेड, फळा आणि उघडी मांडणी. मांडणीवर पकड, स्क्रू-ड्रायव्हर, करवत, ड्रिल मशीन, मल्टिमीटर, शिलाई मशीन, सायकलची जुनी ट्यूब, पीव्हीसी पाइपचे तुकडे, तारा, पुठ्ठा, गोणपाट. कपाटाला कुलूप लावू नका. एखादी पकड हरवेल. पण कुलूप लावलं की किल्ली एका माणसाकडे जाते आणि कट्टा त्याच्या मर्जीवर चालू लागतो. करवत आणि ड्रिल मात्र मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा.

चौथी पायरी: बैठक चालवायची रीत

सगळं यश-अपयश इथे ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात व्याख्यानमालांची मोठी परंपरा आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण व्याख्यानात एक बोलतो, दोनशे ऐकतात आणि आभार प्रदर्शन झालं की सगळे घरी जातात. ऐकणाऱ्या दोनशेंपैकी शेजारी शेजारी बसलेल्या दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा होत नाही. नव्या कल्पनेसाठी नेमकी ती ओळख हवी असते.

कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये ५ मार्च १९७५ ला गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी माणसं जमली. समोर होता 'अल्टेअर ८८००' हा सुटे भाग जोडून बनवायचा संगणक. हाच 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'. पुढे माणसं वाढली आणि बैठका स्टॅनफर्डच्या एका सभागृहात होऊ लागल्या. तिथे सूत्रसंचालन करणारे ली फेल्सेनस्टाइन यांनी बैठकीचे दोन भाग केले होते. पहिल्या भागात जो तो उठून थोडक्यात सांगायचा: माझ्याकडे अमुक आहे, मी तमुक शोधतोय, माझं इथे अडलंय. तिथे चर्चा नाही. कोण कुठल्या कामात आहे, हे सगळ्यांना कळलं की पुरे. दुसऱ्या भागात सगळे उठायचे आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचं त्याला गाठायचे. पुढे ॲपल कंपनी काढणाऱ्यांपैकी एक, स्टीव्ह वॉझनियाक, तेव्हा ह्यूलेट पॅकार्ड कंपनीत नोकरीला होते. ते या बैठकांना जायचे आणि आपल्या 'ॲपल १' या संगणकाच्या जोडणीचा नकाशा त्यांनी तिथल्या लोकांना फुकट वाटला होता.

ही रीत आपल्याकडे जशीच्या तशी चालते. दर पंधरा दिवसांनी, वार आणि वेळ पक्की, दोन तास. 'सगळ्यांच्या सोयीने ठरवू' म्हटलं की बैठक कधीच होत नाही. भिशीची तारीख कोणी चुकवत नाही, कारण ती ठरलेली असते.

पहिला अर्धा तास गोल बसून फेरी. प्रत्येकाला दोन मिनिटं. बोलायची वाक्यं दोनच: 'मला हे हवंय किंवा माझं इथे अडलंय' आणि 'माझ्याकडे हे आहे किंवा मला हे येतं'. फेरीत कोणीही उपाय सुचवायचा नाही, शंका काढायची नाही. हा नियम पाळून घेणं हेच तुमचं, म्हणजे बैठक चालवणाऱ्याचं, मुख्य काम. सर, साहेब आणि सरपंच यांना हा नियम सगळ्यात जड जातो. त्यांना फेरीत शेवटी बोलायला सांगा, नाहीतर त्यांचं मत आलं की बाकीचे त्याच सुरात बोलतात.

मग चहा. चहा जागेवर वाटू नका, किटली एका कोपऱ्यात ठेवा म्हणजे सगळ्यांना उठावं लागेल. फेरीत ज्याने 'मला अमुक येतं' म्हटलं त्याच्याकडे 'माझं अडलंय' म्हणणारी बाई आपसूक सरकते. कोणी एकटं उभं दिसलं तर त्याला हाताला धरून योग्य माणसापाशी न्या आणि एका वाक्यात ओळख करून द्या: "काका, या सुनंदाताई. यांची पापड सुकवायची जाळी दर पावसाळ्यात गंजते. तुम्ही पाइपचं काम करता ना?" एवढं बोलून बाजूला व्हा. या मोकळ्या वेळेला चांगला तासभर द्या. वेळापत्रकात तो वाया गेल्यासारखा दिसतो, पण कट्टा चालतो तो याच तासावर.

शेवटची पंधरा-वीस मिनिटं पुन्हा एकत्र बसा. कोण कोणासोबत पुढच्या बैठकीपर्यंत काय करून बघणार, एवढंच बोला.

पाचवी पायरी: सामायिक वही

एक जाड वही टेबलावर कायम उघडी. तारीख, कोण बोललं, काय बोललं, पुढे काय ठरलं. व्हॉट्सॲप ग्रुप असू द्या, पण वहीला पर्याय म्हणून नको. ग्रुपवर सकाळच्या शुभेच्छांखाली कामाची गोष्ट दोन दिवसांत गाडली जाते.

अर्धवट सुचलेलंही लिहा, चित्र काढा. आज एकाला सुचलेल्या अर्ध्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सहा महिन्यांनी आलेल्या नव्या माणसाकडे असू शकतो. म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला वहीतलं एखादं जुनं पान मोठ्याने वाचा. हे नियमाने करा.

सहावी पायरी: करून बघा, आणि भोगणाऱ्याच्या हातात द्या

तिसऱ्या बैठकीपासून टेबलावर काहीतरी वस्तू यायलाच हवी. पुठ्ठ्याची, चिंध्यांची, कशीही. वस्तू समोर असली की बोलण्याचा सूर बदलतो. आतापर्यंत गप्प बसलेला सुतार पुढे येतो, कारण तो विचार करतो तो हाताने.

जयपूर फूटची हकिगत इथे उपयोगी आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसं शिक्षण न झालेले कसबी कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून तो घडवला. तेव्हा मिळणाऱ्या कृत्रिम पायावर बूट घालावा लागे. उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात शेतीकाम जमत नसे. गावी गेलेला पेशंट तो पाय कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबडी घेई. शर्मांना रबराची कल्पना टायर रिट्रेडिंगच्या दुकानात सुचली, असं सांगतात. शेवटी जमलेल्या पायाच्या आत मऊ स्पंज रबर आणि लाकडाचा ठोकळा, वरून व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे तापवून टणक केलेलं रबर. अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते. डॉक्टरला सांधा कळत होता, कारागिराला माल कळत होता, आणि मांडी घालता यायलाच हवी हे सांगणारा पेशंट समोर होता. यातला एक जरी दुसऱ्या गावात असता तरी हे जमलं नसतं.

तेव्हा नमुना तयार झाला की तो कट्ट्यावर ठेवून कौतुक करत बसू नका. आठवडाभर ज्याची अडचण आहे त्याच्या घरी, शेतात, दुकानात राहू द्या. परत आला की 'आवडलं का?' विचारू नका, माणसं भिडेखातर हो म्हणतात. 'कधी वापरलं नाही?' असं विचारा. खरी माहिती त्या उत्तरात मिळते.

सातवी पायरी: बाहेरचे धागे जोडा

काही महिन्यांनी कट्ट्यावर तीच तीच उत्तरं येऊ लागतात. हा दोष नाही, सगळ्यांचं माहीत असलेलं वाटून झालेलं असतं. आता बाहेर पडायचं.

जवळची आयटीआय, कृषी विज्ञान केंद्र, इंजिनिअरिंग कॉलेज आणि शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर ती, इथे आधी जा. विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी विषय हवे असतात आणि तुमच्याकडे अडचणींची वही आहे. प्राध्यापकांना नुसतं निमंत्रण देऊ नका, वहीतली तीन पानं झेरॉक्स करून द्या.

एकदा सगळ्यांनी मिळून पाबळला जाऊन या. पुणे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतलं संशोधकाचं काम सोडून १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा देता देता शिकतात. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा, आणि एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये इथेच आली. जायच्या आधी कळवा आणि रिकाम्या हाताने जाऊ नका, आपला नमुना सोबत न्या.

प्रा. अनिल गुप्ता यांच्या 'हनी बी नेटवर्क'ची शोधयात्राही लक्षात ठेवा. गावोगाव पायी चालत जाऊन तिथल्या लोकांनी स्वतः शोधलेल्या गोष्टी टिपायच्या आणि दुसरीकडच्या गोष्टी त्यांना सांगायच्या. वर्षातून एकदा आपल्या तालुक्यात दोन दिवसांची अशी पायपीट तुम्हीही काढू शकता. गाडीने गेलात तर बांधावरची जुगाडं दिसत नाहीत.

आठवी पायरी: श्रेय आणि हक्क, पहिल्या दिवसापासून

हा विषय काढायला लोक संकोचतात आणि मग मैत्री तुटते. जयपूर फूटसाठी डॉ. सेठींना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, रामचंद्र शर्मांचं नाव त्या मानाने मागेच राहिलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये 'पटेल ३' या भाताच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, जपल्या, वाढवल्या. त्यातून झालेला तांदूळ 'एचएमटी' या घड्याळाच्या नावाने घरोघरी पोचला. दादाजींच्या वाट्याला मोबदला मात्र फारच थोडा आला. हे पुन्हा आपल्या कट्ट्यावर घडता कामा नये.

म्हणून वहीत प्रत्येक नोंदीपुढे नाव लिहा, अडचण सांगणाऱ्याचंसुद्धा. महत्त्वाचा नमुना चालला त्या दिवशी तारीख घालून हजर असलेल्या दोघांच्या सह्या घ्या. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत २३ डिसेंबर १९४७ ला ट्रान्झिस्टरचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा तो बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या वॉल्टर ब्रॅटन यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या वहीत त्याची नोंद केली आणि तिथे साक्षीदारांच्या सह्याही आहेत.

वस्तू विकण्याजोगी वाटली तर ती प्रदर्शनात मांडायच्या, फेसबुकवर टाकायच्या किंवा पेपरात छापून आणायच्या आधी पेटंटचा विचार करा. एकदा जाहीर झालेली गोष्ट पेटंटच्या दृष्टीने 'नवी' राहत नाही. आपल्या कायद्यात आधी तात्पुरता अर्ज करून ठेवता येतो आणि पुढच्या बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा असतो. बियाण्याचं वाण असेल तर रस्ता वेगळा: २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला स्वतःचं वाण स्वतःच्या नावाने नोंदवता येतं, कृषी विज्ञान केंद्रात त्याची माहिती मिळते. तळागाळातल्या शोधांना मदत करायला अहमदाबादेत २००० साली सुरू झालेलं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन आहे, त्यांच्याकडे नोंद पाठवता येते.

पेटंट घ्यायचं नाही, सगळ्यांनी वापरावं असं ठरलं तर तेही उत्तमच. पण तो निर्णय ज्यांची नावं वहीत आहेत त्यांनी सगळ्यांनी बसून घ्यावा. आणि वस्तू गावाबाहेर जाईल तेव्हा तिच्यावर तेलरंगाने ती सगळी नावं लिहून मगच पाठवा.